पाण्याला कोण विचारतं? : पुरुषपण आणि निरोधाची गोष्ट

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, पंचाहत्तरीला आलात, आता हा विषय कशाला काढता? गीतेवर बोला, शंकराचार्यांवर बोला." मी म्हटलं, "तिथे बोलायला पुष्कळ लोक आहेत." (हशा) पण त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला द्यायचं आहे, आणि ते मी शेवटी देईन. त्यात माझी एक चूक आहे.

सुरुवात एका विनोदापासून करतो. तुमच्यातल्या बहुतेक पुरुषांनी तो ऐकलेला असणार. कंडोमचा विषय निघाला की मित्रमंडळींत कुणीतरी म्हणतो, "छे, रेनकोट घालून आंघोळ करायची का?" दुसरा म्हणतो, "कागदासकट चॉकलेट खायचं का?" सगळे हसतात आणि विषय संपतो. मी हा विनोद कॉलेजच्या वसतिगृहात ऐकलाय, स्टाफरूममध्ये ऐकलाय, आणि निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठ मंडळींतही ऐकलाय. जात, शिक्षण, वय, पगार यांच्या पलीकडे गेलेली जी मोजकी वाक्यं आपल्या समाजात आहेत, त्यांतलं हे एक.

आता तत्त्वज्ञानाच्या मास्तराची खोड अशी की तो विनोदाचंही पृथक्करण करतो. आंघोळ म्हणजे काय? एक माणूस आणि पाणी. चॉकलेट खाणं म्हणजे काय? एक माणूस आणि चॉकलेट. आंघोळ करताना आपण पाण्याला विचारतो का, की बाबा, तुला चालेल ना? चॉकलेटला भीती वाटते का? त्याला दिवस जातात का? त्याला आजार होतो का? या विनोदात दुसरं माणूसच नाही. जिथे दोन माणसं आहेत, तिथे हा विनोद एक माणूस आणि एक वस्तू ठेवतो. पुरुष कंडोम का टाळतात याचं कारण विचारलं की "मजा कमी होते" असं सांगितलं जातं. ते कारण खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण मजा कुणाची, हा प्रश्न त्या वाक्यात उगवतच नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, म्हणजे पुढे हरवायला नको. सुरक्षित संबंधांच्या आड आपल्याकडे अज्ञान फारसं येत नाही, रबरही येत नाही. आड येते ती पुरुषपणाची एक कल्पना, जिच्यात पुरुषाला कुणाला विचारावंच लागत नाही. आणि गेल्या शंभर वर्षांत ज्यांनी ज्यांनी हा विषय लोकांपुढे नेला, त्यांतल्या बहुतेकांनी या कल्पनेला हात लावला नाही. काहींनी तर तिला गोंजारलं.

आधी अज्ञानाचा मुद्दा घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. नियमित कंडोम वापरल्याने एचआयव्हीचा धोका कमी होतो, हे त्यात सुमारे ८२ टक्के पुरुषांना ठाऊक होतं. आता दुसरा आकडा बघा. विवाहित जोडप्यांत कंडोम वापरणारी जोडपी साडेनऊ टक्के. स्त्रीची नसबंदी झालेली जोडपी जवळपास ३८ टक्के. पुरुषाची नसबंदी झालेली? ०.३ टक्के. म्हणजे हजारात तीन. वैद्यकीयदृष्ट्या पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, स्त्रीची अवघड. तरी टेबलावर कोण झोपतं, ते बघा. आणि याच सर्वेक्षणात ३५ टक्के पुरुषांनी मान्य केलं की गर्भनिरोध ही बायकांची बाब आहे, पुरुषाने त्याची काळजी करायचं कारण नाही.

इथे कुणी म्हणेल, सर, तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. गर्भनिरोध वेगळा आणि रोगापासून संरक्षण वेगळं. बरोबर आहे, वेगळंच आहे. पण आपल्या घरांत ते वेगळं मानलं जातं का? बायकोचं ऑपरेशन झालं की घरात कंडोमचं काम संपलं, असंच मानलं जातं. त्या ऑपरेशनने मूल थांबतं, संसर्ग थांबत नाही, हे माहीत असूनही.

माहीत असूनही न करणं, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. सॉक्रेटिसचं म्हणणं असं की चांगलं काय ते ज्याला खरोखर कळलं, तो वाईट करणारच नाही. अ‍ॅरिस्टॉटल म्हणाला, असं होत नाही, माणसाला कळतं आणि तरी तो घसरतो. आपले आरोग्यप्रचारक मात्र अजून सॉक्रेटिसच्याच वर्गात बसलेत. माहिती द्या, पोस्टर लावा, पुरुष सुधारेल.

आता या प्रचाराची एक धावती समीक्षा करू. चार टप्पे घेतो.

पहिला टप्पा रघुनाथ धोंडो कर्व्यांचा. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, ते १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत. नोकरी गेली, खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, आणि तो खटला ते हरले. आज आपण कर्व्यांचा गौरव करतो तो बहुतेक वेळा 'कुटुंबनियोजनाचे आद्य प्रवर्तक' म्हणून. हे त्यांना छोटं करणं आहे. लोकसंख्या हा त्यांच्या विचारातला एक भाग होता. त्यांचा खरा बॉम्ब असा होता की कामसुखावर स्त्रीचा पुरुषाइतकाच हक्क आहे. म्हणजे पाण्यालाही मत आहे, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. समाज चिडला तो नुसत्या साधनांमुळे चिडला असं मला वाटत नाही, या समानतेमुळे चिडला.

कर्व्यांवर माझा एकच आक्षेप आहे, तोही आदराने. ते हाडाचे बुद्धिवादी. युक्तिवाद पटला की माणूस बदलेल, असा त्यांचा विश्वास. पण पुरुषपण हा युक्तिवाद नाही. ती सवय आहे, आणि चारचौघांत ती सिद्ध करावी लागते.

कर्व्यांच्या समोरच्या बाजूला गांधीजी. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी साधनांना विरोध केला, संयम हाच मार्ग सांगितला. पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी आपण विसरतो. बायकांनी नवऱ्याला नकार द्यायला शिकलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं. हे लहान नाही. १९३५ साली विवाहित स्त्रीच्या तोंडी 'नाही' हा शब्द देणं, ही मोठीच गोष्ट होती. तरीही अडचण राहतेच. नाही म्हणायचा हक्क दिला, पण 'हो, पण असं' म्हणायचा हक्क? तो त्या विचारात नव्हता.

आणि संयमाच्या या आदर्शात पुरुषपणाचा एक वेगळा अवतार दडलेला आहे. आपल्याकडे वीर्य म्हणजे साठवायचं धन. ते गेलं की ताकद गेली, तेज गेलं. या भीतीने खंगणारी तरुण मुलं इतकी होती की मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली त्या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. रेल्वेतून जाताना भिंतींवर 'गुप्तरोग' आणि 'मर्दानी कमजोरी'च्या जाहिराती तुम्हीही वाचल्या असतील. गंमत बघा. एकीकडे पुरुष म्हणजे ज्याची वासना अनावर असते तो. दुसरीकडे पुरुष म्हणजे जो वासना जिंकतो तो. दोन्ही टोकं परस्परविरुद्ध दिसतात, पण दोन्हींत हिशेब एकाच माणसाचा आहे. माझी ताकद, माझं तेज, माझा विजय, माझी मजा. दुसरं माणूस भोगातही नाही आणि त्यागातही नाही.

दुसरा टप्पा 'निरोध'. १९६८ साली सरकारने हा कंडोम बाजारात आणला. पंधरा पैशांना तीन. चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यातून तो गावोगावच्या दुकानांत पोचवला गेला. कल्पना उत्तमच होती. नावाची मात्र गंमत आहे. कलकत्त्याच्या व्यवस्थापन संस्थेतल्या तज्ज्ञांनी आधी 'कामराज' हे नाव सुचवलं होतं. पण सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षांचंच नाव कामराज! (हशा) मग ठरलं 'निरोध'.

आता हा शब्द कुठला? पतंजलीच्या योगसूत्रांत दुसऱ्याच सूत्रात तो येतो, चित्तवृत्तींच्या संदर्भात. बुद्धाच्या चार आर्यसत्यांतलं तिसरं सत्य दुःखनिरोध. म्हणजे संन्याशाच्या कोशातला शब्द सरकारने प्रपंचाच्या उशाशी ठेवला. शब्दाचा अर्थ अडवणं, थांबवणं. भाषा आपलं काम करतेच. कंडोम म्हणजे अडथळा, हे नावातच ठरून गेलं. त्याची जाहिरात लाल त्रिकोणाची, हसऱ्या छोट्या कुटुंबाची. त्यात देश होता, मुलं होती, खर्च होता. ते दोघं एकमेकांशी काय बोलतात, ते नव्हतं. मी स्वतः नव्या संसारात वाण्याकडून निरोध आणलाय. वाणी ते पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, साखरेच्या पुड्याखाली ठेवून द्यायचा. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचो नाही. आणि घरीही आम्ही नवरा-बायको त्याबद्दल कधी बोललो नाही. ते पाकीट कपाटात असायचं, एवढंच.

मधे आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, पुष्कळ ठिकाणी बळजबरीने. त्या जखमेनंतर कोणत्याही सरकारला पुरुषाच्या शरीराला हात लावायची हिंमत झाली नाही. बळजबरी वाईटच होती, निषेधार्हच होती. पण तिच्यातून काय धडा घेतला गेला? माणसावर बळजबरी करू नये, हा धडा नाही घेतला. पुरुषावर करू नये, एवढाच घेतला. लक्ष्यपूर्तीची शिबिरं पुढेही चालली, फक्त टेबलावर बायका आल्या.

तिसरा टप्पा १९९१ चा, 'कामसूत्र' कंडोमचा. इथे पहिल्यांदा कंडोम सुखाच्या भाषेत बोलला. मोठा गदारोळ झाला. मला ती जाहिरात अश्लील वाटली नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या ग्रंथाचं नाव घेतलं, त्यात वात्स्यायन इतर आचार्यांची मतं मांडून वाद घालतो, की स्त्रीला सुख होतं का, पुरुषासारखंच होतं का, आणि होतं असा निष्कर्ष काढतो. इतका मोठा वाद असलेल्या ग्रंथाचं नाव घेऊन जाहिरातीने काय दिलं? बघणाऱ्या पुरुषासाठी एक सुंदर बाई. तिला काय हवंय, हे कुणी विचारलं नाही. पुढे बाजारात आलेली नावं बघा, 'मॅनफोर्स' वगैरे. अडथळ्याचं नाव गेलं, ताकदीचं नाव आलं. विकण्यासाठी चलाखी चांगली आहे. पण ज्या कल्पनेमुळे तो कंडोम टाळतो, तिचंच नाव पाकिटावर छापलं.

चौथा टप्पा आपल्या मुंबईचा. २००२ च्या अखेरीला शहरभर फलक लागले, 'बलबीर पाशाला एड्स होईल का?' लोकल, बस, रेडिओ, सगळीकडे बलबीर पाशा. हा बलबीर दारू प्यायला की कंडोम विसरतो. तो फक्त मंजुळाकडेच जातो, म्हणून स्वतःला सुरक्षित समजतो. समोरची बाई धडधाकट दिसते, म्हणून निर्धास्त राहतो. प्रचार म्हणून हे फार हुशार होतं. पुरुष स्वतःला कसं फसवतो, ते नेमकं पकडलं होतं, आणि शहर त्यावर बोलायला लागलं. पण स्त्री संघटनांनी तेव्हाच आक्षेप घेतला, आणि तो मला पटतो. प्रश्न होता, बलबीरला एड्स होईल का? मंजुळाला होईल का, हा प्रश्न कुठल्या फलकावर होता? आणि बलबीरच्या घरी जी कुणी असेल, तिला?

तिचं काय झालं, ते पुण्याच्या अभ्यासात दिसतं. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास करून १९९७ साली तो प्रसिद्ध केला. त्यात ज्या स्त्रिया देहविक्रय करत नव्हत्या, त्यांच्यातही १३.६ टक्के एचआयव्हीबाधित आढळल्या. यांतल्या बहुतेक विवाहित, एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या. त्यांचा धोका एकच होता, नवरा. साध्वीपणाने त्यांचं रक्षण केलं नाही. आणि अशी बाई नवऱ्याला कंडोम वापर म्हणाली, तर उत्तर तयार असतं. "माझ्यावर विश्वास नाही का?" किंवा, "तुला गरज का पडली? तुझं कुठे काही आहे का?" मघाच्याच सर्वेक्षणात २० टक्के पुरुषांना असं वाटतं की गर्भनिरोधक वापरणारी बाई बाहेरख्याली होऊ शकते. म्हणजे विचारणारीच आरोपी.

आता तुम्ही म्हणाल, सर, मग पुरुष बदलतच नाही की काय? बदलतो. आणि हा माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा आहे. १९९२ साली कलकत्त्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी काम सुरू केलं. तिथल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं, पुढे त्यांची संघटना उभी राहिली. आपल्याकडे सांगलीत 'संग्राम'ने त्याच वर्षी काम सुरू केलं, आणि १९९६ मध्ये तिथल्या बायकांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' झाली. कंडोम वाटायचं, समजावायचं काम त्या स्वतःच करू लागल्या. एकटी बाई नाही म्हणाली तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जातं. सगळ्या दारांत एकच उत्तर मिळालं, तर? तर गिऱ्हाईक कंडोम वापरतं. तोच पुरुष! त्याच्या शरीरात काही बदललं नाही. त्याची 'अनावर' वासना अचानक आवरली गेली. म्हणजे ती कधीच अनावर नव्हती. तिला विचारणारं कुणी नव्हतं.

या गोष्टीने मी फार अस्वस्थ होतो. कारण मग असं दिसतं की ज्या बाईला समाज सगळ्यात खाली ठेवतो, तिच्या शब्दाला त्या दारात जे वजन आलं, ते कुंकवाच्या धनिणीच्या शब्दाला स्वतःच्या घरात नाही. तिथे मागे संघटना आहे. इथे मागे कोण आहे? आई म्हणते, जमवून घे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून टाका.

शेवटाकडे येतो. हल्ली एक नवा प्रचार असतो, 'खरा मर्द कंडोम वापरतो.' हेतू चांगला आहे, पण मला ही वाट धोक्याची वाटते. आज मर्द म्हणून वापरेल, उद्या मित्र म्हणाले खरा मर्द घाबरत नाही, की टाकून देईल. मर्दपणाचा निकाल नेहमी दुसरे पुरुष लावतात. त्या कोर्टात जायचंच कशाला? अ‍ॅरिस्टॉटल शौर्याबद्दल बोलताना म्हणतो की जो कशालाच भीत नाही, भूकंपाला नाही, लाटांना नाही, तो शूर नव्हे, त्याचं डोकं ठिकाणावर नाही. योग्य गोष्टीची योग्य भीती बाळगणं हा शौर्याचाच भाग आहे. मी त्यात एकच भर घालीन. आपल्यामुळे दुसऱ्याला काय होईल, याची भीती ही सगळ्यात योग्य भीती. आणि ती कळायला विचारावं लागतं. "तुला चालेल का? तुला काय वाटतं?" एवढी दोन वाक्यं. ती आपण मुलांना शिकवत नाही.

आता माझी चूक. साधारण १९८० च्या आसपासची गोष्ट. तालुक्याच्या एका कॉलेजात मी वसतिगृहाचा रेक्टर होतो. एका रात्री दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा खोलीवर आला. बराच वेळ उभाच राहिला. मग म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं." मित्रांबरोबर शहरात गेला होता. 'मर्द असशील तर चल' म्हणाले होते. आता त्याला काहीतरी त्रास होत होता आणि तो घाबरला होता. मी काय केलं? त्याला अर्धा तास संयमावर ऐकवलं आणि ब्रह्मचर्यावरचं एक पुस्तक हातात दिलं. तो "होय सर" म्हणाला आणि गेला. त्याला डॉक्टर हवा होता. पुढच्या वर्षी तो कॉलेजात आला नाही. का, ते मला कळलं नाही. मी चौकशीही केली नाही.

बरीच वर्षं मला वाटायचं, माझी चूक म्हणजे मी त्याला डॉक्टरकडे पाठवलं नाही. ती चूक होतीच. पण अलीकडे दुसरी दिसायला लागली. त्या अर्ध्या तासात, त्या खोलीतल्या ज्या बाईकडे तो गेला होता, तिचा विचार आम्हा दोघांच्याही मनात एकदाही आला नाही. त्याच्या मित्रांच्या लेखी ती चॉकलेट होती. माझ्या लेखी ती मोह होती. माणूस ती आमच्यापैकी कुणाच्याच लेखी नव्हती. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट घेतलेला मी आणि रेनकोटचा विनोद सांगणारी ती पोरं, आम्ही एकाच बाकावर बसलो होतो.

म्हणून हा विषय काढला. सहकाऱ्यांना फोनवर हे सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगितलं. आज कुणाचा मुलगा, नातू, विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, एक विचारायचं होतं, तर त्याला आधी खुर्ची द्या. ऐकून घ्या. डॉक्टरांचा पत्ता द्या. आणि मग त्याला हळूच विचारा, "आणि ती कशी आहे?"